एकाच फोटोचे दोन नंबर

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माझं काम फार साधं होतं. स्तनांचे जे एक्स-रे डॉक्टरांनी आधी एकदा वाचले होते, त्यांच्यावरचं नाव पुसायचं, नवा नंबर द्यायचा आणि ते पुन्हा डॉक्टरांसमोर ठेवायचे. त्यातले काही तर दोनदा ठेवायचे, तीन आठवड्यांच्या अंतरानं, दोन वेगळ्या नंबरांनी. हा फोटो आपण आधी पाहिला आहे हे डॉक्टरांना कळता कामा नये. कुठल्या नव्या नंबरामागे कुठला जुना नंबर आहे ते एका वहीत लिहिलेलं होतं. वही माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी चंद्रपूरच्या एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. गाव गोंडपिपरीकडचं. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. पोरीनं सायन्सच घ्यायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणून मी नागपूरला डिप्लोमा केला आणि या नोकरीला लागले. आमच्या रुग्णालयाकडे बसएवढी एक गाडी होती, आत मॅमोग्राफीचं मशीन. दिवाळी झाली की ती गाडी घेऊन आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोलीतली गावं फिरायचो. काही त्रास असो वा नसो, चाळिशी ओलांडलेल्या बायांचे फोटो काढायचे आणि चंद्रपूरला आणून डॉक्टरांना दाखवायचे. यातल्या कित्येकींनी आधार कार्ड सोडून दुसऱ्या कशासाठी फोटो काढलेला नसायचा.

ही गोष्ट ज्या बाईची आहे, ती मला अशाच एका शिबिरात भेटली. जानेवारी महिना होता. मुलचेरा तालुक्यातलं धानाचं गाव, शाळेच्या पटांगणात आमची गाडी. ती तिथली आशाताई. घरोघर औषधं देणारी, बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी. वय अठ्ठेचाळीस, आवाज घोगरा. घरी नवरा आणि दोन एकर धान. आदल्या आठवड्यात दारोदार फिरून तिनं बायांची यादी केली होती. बाया आल्याही होत्या, पण शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उठायचं कुणी नाव घेईना.

"त्या मशीनमंदी कापते म्हणे," एक म्हातारी म्हणाली.

आशाताईनं आपलं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "धरा मॅडम. सगळ्याईच्या आधी मीच जातो."

आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात. ती गाडीची पायरी चढली. आत मी तिला मशीनजवळ उभं केलं, दोन पट्ट्यांमध्ये स्तन धरला आणि वरची पट्टी दाबत नेली. तिनं दम धरला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "दुखते का वं?"

"दुखते!" तिनं आतूनच आवाज दिला. "पण मेली नाई मी अजून!"

बाहेर हशा झाला आणि रांग लागली. तिसेक जणी झाल्या. जंगलातला रस्ता, म्हणून चारच्या आत निघायचा आमचा नियम होता. निघताना तिनं लाखोळीच्या कोवळ्या भाजीची जुडी माझ्या मांडीवर ठेवली. पंधरा दिवसांनी तिचा रिपोर्ट गेला. ठीक आहे, दोन वर्षांनी पुन्हा तपासावे. खाली आमच्या डॉक्टर मॅडमची सही.

मॅडम तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. आमच्याकडे हे फोटो वाचणाऱ्या त्या एकट्याच. पडदे ओढलेल्या खोलीत, स्क्रीनसमोर, दिवसभर. मला काम त्यांनीच शिकवलं. माझ्याकडून फोटोची कड कापली गेली की त्या बोलावून घ्यायच्या, खुर्ची सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, इथं काही असतं तर मला कसं कळलं असतं?" आवाज कधी चढला नाही.

मार्चमध्ये नागपूरहून एक सर आले. ते संख्याशास्त्र शिकवायचे. कापडी पिशवी आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन एसटीनं यायचे. आमची गाडी इतकी गावं फिरते, पण फोटो वाचणारे डॉक्टर दरवेळी सारखंच वाचतात का, हे त्यांना तपासायचं होतं. मॅडमनी आनंदानं होकार दिला. नागपूरचे एक डॉक्टरही तेच फोटो वाचणार होते. त्यांचे कागद थेट सरांकडे जायचे, मॅडमचे माझ्याकडे.

पहिल्या दिवशी सरांनी कँटीनमध्ये एका कागदामागे चार घरांचा चौकोन काढला आणि मला समजावून सांगितलं. "दोन डॉक्टरांनी डोळे मिटून सगळ्यांवर 'ठीक' लिहिलं, तरी त्यांचं बरंच जमेल. कारण बहुतेक बाया ठीकच असतात. त्या जमण्याला काही किंमत नाही. योगायोगानं जेवढं जमलं असतं तेवढं वजा करायचं आणि मग काय उरतं ते बघायचं. आणि फक्त दोघांचं एकमेकांशीच नाही हं. एकाच डॉक्टराचं स्वतःशी किती जमतं, तेही."

"स्वतःशी?" मी विचारलं.

"हो. आज दिसलं ते उद्या तसंच दिसेल, असं धरून चालता येत नाही."

मला ते पटलं, आवडलंसुद्धा. आपल्या कामात एवढा विचार कुणी केलेला मी पाहिला नव्हता. सरांनी एक कागद पुढे केला. सगळे फोटो वाचून होईपर्यंत वहीतलं काहीही कुणाला सांगणार नाही, असं त्यात होतं. कारण सरळ होतं. एखादी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली हे मॅडमना मध्येच कळलं, तर त्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाईला परत बोलावू लागतील आणि तपासणी वाया जाईल. वाचताना एखाद्या बाईबद्दल नवी शंका निघाली तर काय करायचं, याबद्दल त्या कागदात एक ओळही नव्हती. या सगळ्या बायांचे रिपोर्ट आधीच गेलेले, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मी सही केली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुसऱ्या फेरीत, ते झालं. रोज काम संपलं की मी मॅडमचे कागद वहीशी जुळवून बघायची. बहुतेक जुळायचे. कुठे कुठे जुळायचे नाहीत, पण असं होणार हे सरांनी सांगितलंच होतं. त्या दिवशी एका नंबरासमोर मॅडमनी 'पुन्हा बोलवा' लिहिलं होतं. डावा स्तन, वर, काखेच्या बाजूला, कागदावरच्या आकृतीत पेन्सिलीचा छोटा गोल. तीन आठवड्यांपूर्वी याच फोटोवर, दुसऱ्या नंबराखाली, त्यांनी 'ठीक' लिहिलं होतं. मी जुना नंबर काढला. जानेवारी, मुलचेऱ्याकडचं शिबिर, त्या दिवसाचा पहिला फोटो. नाव शोधायची गरज नव्हती.

मी फोटो उघडून बघितला. मी डॉक्टर नाही. गोल काढलेल्या जागी मला काही दिसलं, की दिसतंय असं वाटलं, हे आजही मला सांगता येणार नाही.

मी सरांना फोन केला. "सर, एका फोटोवर एकदा ठीक आणि एकदा बोलवा आलंय. मी त्या बाईला ओळखते."

"नाव सांगू नका," ते घाईनं म्हणाले. मग विचारलं, "मूळ रिपोर्ट काय होता?"

"ठीक."

"म्हणजे तीनदा वाचलं आणि दोनदा ठीक. एका वाचनावरून काही ठरत नसतं. किती आठवडे उरलेत?"

"आठ."

थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "यादी पूर्ण झाली की त्याच दिवशी आपण मॅडमना सगळं दाखवू. तोवर थांबा."

मी "हो सर" म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते. वर्षभराचं काम हातात होतं आणि ते सांभाळत होते.

दोन दिवसांनी मॅडम व्हरांड्यात भेटल्या. "काय गं, पास होतेय ना मी?" त्यांनी हसत विचारलं.

"मला बोलायची परवानगी नाही मॅडम."

"बरोबर. बोलूच नकोस," असं म्हणून त्या आत गेल्या. त्याच वेळी मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर तपासणी बिघडली असती. एवढंच.

पाचव्या दिवशी मी आशाताईला फोन लावला. कागदावर दिलेला शब्दही मोडू नये आणि ती यावीही, अशी एक युक्ती मला सुचली होती.

"ताई, तुमचा जानेवारीतला फोटो जरा हलला होता. एकदा चंद्रपूरला येऊन जा, पुन्हा काढू."

"हालला? मी तं दम धरून उभी होती."

"मशीन हललं असेल."

"काई निंघालं का त्याच्यात?"

"नाही, नाही. रिपोर्ट ठीकच आहे. फक्त फोटो नीट नाही आला."

"मंग धानाचा रोवणा झाल्यावर येतो," ती म्हणाली. "बांधीत पाणी भरलं आता. रोवाले बाया भेटून नाई राह्यल्या. चालते ना?"

काळजी करू नका असं मीच नुकतं तिला सांगितलं होतं. आता घाई करा असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

"चालेल," मी म्हटलं.

जुलैत मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा रोवणा अर्धा राहिला होता. दुसऱ्यांदा गावात ताप होता आणि ती घरोघर मलेरियासाठी रक्ताचे नमुने घेत फिरत होती. "येतो ना मॅडम, फोटोच त काढाचा आहे," ती म्हणाली. मलाच ती धीर देत होती.

ऑगस्टच्या शेवटी यादी संपली. सर आले, मॅडमच्या खोलीत बैठक झाली, नागपूरचे डॉक्टर कॉम्प्युटरवरून बोलले. सरांनी आकडे मांडले. दोन डॉक्टरांचं एकमेकांशी चांगलं जमत होतं. मॅडमचं स्वतःशी त्याहून चांगलं. सरांनी उठून मॅडमचं अभिनंदन केलं. कँटीनमधून समोसे आले. मी वही मांडीवर घेऊन बसले होते.

नागपूरचे डॉक्टर स्क्रीनवरून गेले तशी मी वही मॅडमसमोर ठेवली आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. फोनसकट.

मॅडमनी फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला.

"माझं 'बोलवा' जूनमधलं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"आणि आज ऑगस्ट संपतोय."

"मॅडम, ते माझ्या सांगण्यावरून..." सर बोलू लागले. मॅडमनी हात वर केला आणि ते थांबले.

"आत्ता मला तिथली गाठ स्पष्ट दिसतेय," मॅडम स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या. "पण तू बोट ठेवलंस म्हणून दिसतेय. जानेवारीत का दिसली नाही, मला माहीत नाही. मी थकले होते, की घाईत होते, काही आठवत नाही. तो दिवससुद्धा आठवत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोन लाव तिला. दे इकडे."

त्या अर्धं मिनिटही बोलल्या नाहीत. "मी डॉक्टर बोलतेय. तुमच्या फोटोत मला शंका आहे. उद्याच या." बस. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आशाताई आली, सोबत नवरा. मला जे दोन महिन्यांत जमलं नाही ते तीन वाक्यांत झालं.

मी तिला मशीनजवळ घेतलं. पट्टी लावायच्या आधीच माझ्या हाताला गाठ लागली.

"ते मले रोवण्यातच लागली होती हाताले," ती म्हणाली. "आंघोळीच्या वेळेस. घडीभर घाबरली मी. पण तुमी म्हटलं होतं ना, रिपोर्ट ठीक आहे. मी म्हटलं, काई असतं त मॅडमनं सांगतलंच असतं."

मी पट्टी दाबली. तिनं दम धरला. मी पडद्याआड जाऊन बटण दाबलं.

पुढचं लवकर लवकर झालं. सोनोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी, मग नागपूर. कर्करोग काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. डावा स्तन काढावा लागला. दोन महिने आधी आली असती तर फरक पडला असता का, असं मॅडमनी तिथल्या सर्जनना माझ्यादेखत विचारलं. ते म्हणाले, दोन महिन्यांचं सांगता येत नाही, जानेवारीपासून बघितलं तर पडला असता. मॅडमनी मान हलवली. परतीच्या रस्त्यावर गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "आधीचे महिने माझे आहेत. तू ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस." नंतरचे दोन कुणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबरात मी तिच्या घरी गेले. आष्टीपासून पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती, पोचायला दुपार झाली. अंगणात मळणीचा भुसा उडत होता. नवरा शेतात होता. ती ओसरीत खाटेवर बसली होती, डोक्याला रुमाल, भुवयाही गेलेल्या. उठून चहा ठेवू लागली. मी नको म्हटलं आणि खाली बसून तिला सगळं सांगितलं. फोटो हलला नव्हता, मशीनही नाही. मी खोटं बोलले.

ती बोटांनी खाटेची नवार चाचपत राहिली.

"म्हणजे तुमाले मालूम होतं?"

"शंका होती."

"मंग तसं सांगाचं होतं. मी रोवणा सोडून आली असती." पुन्हा म्हणाली, "काऊन नाई सांगतलं? मी रोज लोकाईले सांगतो, टीबी आहे, एचआयव्ही आहे. लोकं रडतात, भांडतात, पण मी सांगतो. तुमाले एक फोन नीट करता नाई आला?"

तिनं पाठ भिंतीला टेकवली.

"आन् त्या बाकीच्या बायाईचं काय?" तिनं विचारलं. "त्याईले मी नेलं होतं. हात धरू धरू नेलं. त्याईचे फोटो कोण पाह्यते आता?"

मी परत येऊन मॅडमना हे सांगितलं. त्या गावचा प्रत्येक फोटो मॅडमनी आणि नागपूरच्या डॉक्टरांनी वेगवेगळा बसून पुन्हा वाचला. काही जणींना बोलावलं. बहुतेक आल्या, काही निघालं नाही. दोघी आल्याच नाहीत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमची गाडी त्या गावात पुन्हा गेली. आशाताई शाळेच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. केस बोटभर आले होते, ऑपरेशनपासून डावा हात सुजलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ती हाका मारत होती. चौघी आल्या. कापते म्हणणारी ती म्हातारी रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "तुहा फोटो बी काढलाच होता ना माय? काय झालं मंग?" त्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. आशाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. दुपारच्या आत आम्ही गाडी आवरली.

त्यानंतरच्या मेमध्ये ती गेली. आजार मणक्यात उतरला होता. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस होता. तेरवीला गेले. नवऱ्यानं मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला. "मॅडम, तुमी लय केलं तिच्यासाठी," तो म्हणाला. "ते नेहमी सांगे, चंद्रपूरच्या मॅडमनं फोनावर फोन केले म्हणून आपण गेलो, नाईतं समजलंच नसतं." तिनं त्याला खरं सांगितलं नव्हतं. माझ्यावर दया म्हणून, की त्याला आणखी त्रास नको म्हणून, ते मला कळलं नाही. मीही सांगितलं नाही. जेवून परत आले.

मॅडम दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. जाण्याआधी अशा तपासणीच्या कागदात त्यांनी एक कलम घालून घेतलं: कुठल्याही वाचनात नवी शंका निघाली तर तो फोटो आठवड्याच्या आत तिसऱ्या डॉक्टरांनी बघायचा आणि गरज वाटली तर बाईला स्पष्ट सांगून बोलवायचं, तपासणी बिघडली तरी चालेल. सरांनी त्याला विरोध केला नाही. उलट ते कलम नीट लिहून दिलं त्यांनीच. त्यानंतर ते चंद्रपूरला आले की माझ्याशी मोजकंच बोलतात.

बायांना बोलावण्याचे ते फोन आता मी करते. मागच्या हिवाळ्यात मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये चादरी धुणाऱ्या बाईला केला. "तुमच्या फोटोत डॉक्टरांना शंका आहे, उद्याच या," असं सरळ सांगितलं. ती आली, सगळ्या तपासण्या झाल्या, तुकडाही काढावा लागला. त्याचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस गेले. काही निघालं नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली.

"पंधरा दिवस मी पोटभर जेवली नाई तुमच्या त्या फोनापायी! पोरीचं लग्न पुढं ढकललं! आधी नीट पाहाता नाई येत का तुमाले?"

मी ऐकून घेतलं. रिपोर्ट मिळाल्याची तिची सही घेतली आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.